फलनाधारित संगणक-भाषांतील स्वयंचलित संसाधन व्यवस्थापन : एक ऐतिहासिक आढावा

सारांश

संगणकाची आज्ञावली चालू असताना ती स्मृती, फाइल, जाळ्यावरील जोडणी यांसारखी संसाधने मागून घेते. काम संपल्यावर ती परत करावी लागतात. ही परतफेड आज्ञावलीकाराच्या लक्षात राहण्यावर सोडायची, की भाषेच्या नियमातच बसवायची, हा प्रश्न १९५८ पासून संगणकशास्त्रापुढे आहे. या प्रश्नाची महत्त्वाची उत्तरे प्रथम फंक्शनल, म्हणजे फलनाधारित भाषांच्या परंपरेत शोधली गेली. प्रस्तुत लेखात त्या शोधाचा आढावा घेतला असून, मुंबईच्या आयआयटीतील संशोधनाचे त्यातील स्थान स्पष्ट केले आहे. 'स्वयंचलित' व्यवस्थेत जबाबदारी नाहीशी होत नाही, ती व्यक्तीकडून नियमाकडे जाते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : फलनाधारित भाषा, स्मृती व्यवस्थापन, गार्बेज कलेक्शन, संदर्भगणना, सजीवता विश्लेषण, रेषीय प्रकार.

१. प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या इतिहासाकडे आपल्याकडे बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून पाहिले जाते. निर्वात नलिका, ट्रान्झिस्टर, एकात्मिक मंडल अशा पिढ्या सांगितल्या की विषय संपतो. परंतु यंत्राशी बोलण्याच्या भाषांनाही इतिहास आहे, आणि तो विचारांचा इतिहास आहे. कोणते काम माणसाने करावे, कोणते यंत्रावर सोपवावे, आणि सोपवताना कोणती किंमत द्यावी, याविषयीचे निर्णय त्या भाषांच्या रचनेत साठलेले आहेत.

प्रस्तुत लेखाचा विषय असाच एक निर्णय आहे. आपल्या अनेक महाविद्यालयांत विद्यार्थी सी भाषेपासून आज्ञावली लिहू लागतो. या भाषेत 'मॅलॉक' या आदेशाने स्मृती मागायची आणि 'फ्री' या आदेशाने ती परत द्यायची असते. परत द्यायला विसरले तर स्मृती गळत राहते, आणि दीर्घकाळ चालणारी आज्ञावली अखेर ठप्प होते. परत दिलेली जागा पुन्हा वापरली तर त्याहून वाईट घडते, कारण तेथे आता दुसऱ्या कोणाची माहिती असू शकते. अशा चुकांचे परिणाम किरकोळ नसतात. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अभियंत्यांनी २०१९ मध्ये जाहीर केले की, कंपनी दरवर्षी ज्या सुरक्षा-दोषांवर दुरुस्ती काढते, त्यांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या असुरक्षित हाताळणीतून आलेले असतात.

जावा किंवा पायथॉन शिकताना त्याच विद्यार्थ्याला सांगितले जाते की, येथे स्मृतीची चिंता करू नये, ते काम आपोआप होते. 'आपोआप' हा शब्द उच्चारला की चर्चा थांबते. वास्तविक इतिहासाच्या अभ्यासकाचे काम तेथूनच सुरू होते.

२. 'स्वयंचलित' या संज्ञेचा अर्थ

स्वयंचलित व्यवस्था म्हणजे कोणीच निर्णय घेत नाही अशी व्यवस्था, हा समज चुकीचा आहे. निर्णय आधी घेतलेला असतो आणि तो नियमाच्या रूपाने व्यवस्थेत बसवलेला असतो. हा भेद समजण्यासाठी खानदेशाच्या वाचकास दूर जावे लागत नाही. देवपूर आणि जुने धुळे यांच्यामधून वाहणाऱ्या पांझरा नदीवर शेकडो वर्षे फड पद्धतीने सिंचन होत आले. बंधाऱ्याखालील जमीन फडांत विभागायची, एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचे, आणि पाणी देण्याचे काम शेतकऱ्याने स्वतः न करता पाटकऱ्याने करायचे, अशी तिची रचना होती. वैयक्तिक शेतकऱ्याला आपल्या शेताचे दार केव्हा उघडायचे आणि केव्हा बंद करायचे, याचा विचार दररोज करावा लागत नसे. पण म्हणून व्यवस्था कोणाचीच नव्हती असे नाही. पाट-चाऱ्यांची डागडुजी लाभधारक मिळूनच करीत.

संगणकीय भाषेतील स्वयंचलित व्यवस्थापनाचे स्वरूपही तत्त्वतः असेच आहे. दोन प्रश्न मात्र वेगळे ठेवावे लागतात. संसाधन परत कोण करणार, हा पहिला प्रश्न. ते केव्हा परत होणार, हा दुसरा. पुढे दिसेल की, १९६० च्या सुमारास पहिल्याचे उत्तर मिळाले, आणि दुसऱ्याच्या उत्तरासाठी आणखी काही दशके जावी लागली.

३. लिस्प आणि छत्तीस बिटांचा शब्द

जॉन मॅकार्थी यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९५८ मध्ये लिस्प भाषेच्या कामास सुरुवात केली. एप्रिल १९६० मध्ये त्यांचा या भाषेवरील शोधनिबंध 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गणितातील फलन हेच आज्ञावलीचे मूलभूत एकक मानणारी ही पहिली महत्त्वाची भाषा होय. तिच्यात माहिती याद्यांच्या रूपाने मांडली जाते, आणि याद्यांमधून नव्या याद्या सतत तयार होत राहतात.

वापरून झालेल्या याद्यांचे काय करायचे? त्यापूर्वी फोरट्रानच्या आधारे रचलेल्या यादी-प्रक्रियेत आज्ञावलीकारालाच यादी पुसण्याचा आदेश लिहावा लागत असे. मॅकार्थी यांना तो मार्ग सदोष वाटला. फलनांची रचना गणिती सूत्रासारखी स्वच्छ असावी आणि तिच्या मध्ये 'आता हे पुसा' असे आदेश पेरावे लागू नयेत, ही त्यांची भूमिका होती.

दोन पर्याय समोर होते. पहिला संदर्भगणनेचा. प्रत्येक घटकाकडे किती जण बोट दाखवतात याचा आकडा त्या घटकाजवळच ठेवायचा, आणि तो शून्य झाला की घटक मोकळा करायचा. हा पर्याय का सोडला गेला, याचे मॅकार्थी यांनी पुढे लिस्पच्या इतिहासात दिलेले कारण लक्षणीय आहे. ज्या आयबीएम ७०४ यंत्रावर काम चालले होते, त्याचा एक शब्द ३६ बिटांचा होता. त्यातील १५ बिट एका पत्त्यासाठी आणि १५ बिट दुसऱ्या पत्त्यासाठी लागत. उरलेले ६ बिट शब्दाच्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेले होते. त्यांत मोजणीचा आकडा बसवणे व्यवहार्य नव्हते. म्हणून दुसरा पर्याय निवडला गेला. मोकळी जागा संपेपर्यंत काहीही परत करायचे नाही. संपली की, चालू आज्ञावलीच्या हाती असलेल्या मूळ संदर्भांपासून निघून जिथवर पोचता येते ते सर्व घटक खुणावायचे, आणि बिनखुणेचे सर्व घटक गोळा करून पुन्हा वापरात आणायचे.

या प्रक्रियेस 'गार्बेज कलेक्शन' हे नाव प्रयोगशाळेत रूढ झाले होते, परंतु १९६० च्या छापील निबंधात ते येत नाही. प्रत्यक्ष संकलक लिहिण्याचे काम डॅनियल एडवर्ड्स या विद्यार्थ्याने केले. त्या निबंधातच मॅकार्थी यांनी या प्रक्रियेस काही सेकंद लागतात असे नमूद केले, आणि दर खेपेस काही हजार जागा मोकळ्या होणार नसतील तर आज्ञावलीचा बहुतेक वेळ संकलनातच जाईल, असा इशाराही दिला. म्हणजे स्वयंचलनाची किंमत त्याच्या जन्मापासूनच ज्ञात होती.

त्याच वर्षी डिसेंबरात जॉर्ज कॉलिन्स यांनी संदर्भगणनेची पद्धत प्रसिद्ध केली. मॅकार्थी यांच्या नोंदीनुसार त्यांचे यंत्र ४८ बिटांचे होते, म्हणजे आकड्यासाठी जागा होती. एकाच वर्षी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे पुढे आली, आणि त्यांतील निवडीस तात्त्विक कारणांइतकेच शब्दाच्या लांबीचे कारण होते. १९६३ मध्ये हॅरॉल्ड मॅकबेथ यांनी संदर्भगणनेची मोठी मर्यादा दाखवून दिली. 'अ' हा 'ब'कडे आणि 'ब' हा 'अ'कडे बोट दाखवीत असेल, तर बाहेरचे सर्व संदर्भ सुटूनही दोघांचा आकडा शून्य होत नाही. असे चक्र कायमचे अडकून राहते. या आक्षेपाकडे आपल्याला पुढे परत यावे लागेल.

४. फलनाधारित भाषांत हा प्रश्न अटळ का

सी भाषेत आज्ञावलीकार स्मृती हाताने सांभाळू शकतो. फलनाधारित भाषेत ते जवळजवळ अशक्य असते. याची कारणे दोन.

पहिले कारण म्हणजे वाटून घेणे. या भाषांत एकदा तयार झालेले मूल्य सहसा बदलले जात नाही. वर्गाच्या हजेरीपटात एक नाव सुरुवातीस वाढवायचे असेल, तर जुना पट तसाच राहतो. नव्या नावामागे जुना पट जोडून नवा पट तयार होतो. मूल्य बदलणारच नसल्याने एकच शेपूट दहा याद्यांनी वाटून घेतली तरी धोका नसतो. पण त्या शेपटीचा शेवटचा वापरकर्ता कोण, हे त्या दहांपैकी कोणासच ठाऊक नसते. ज्याला 'मी शेवटचा' हे कळत नाही, त्याच्यावर परतफेडीची जबाबदारी टाकता येत नाही.

दुसरे कारण असे की, या भाषांत फलन हेही एक मूल्य असते. ते दुसऱ्या फलनाला देता येते किंवा उत्तर म्हणून परत करता येते. असे परत आलेले फलन, ते जेथे जन्मले तेथील मूल्ये सोबत घेऊन फिरते. पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये अशा संयोगास 'क्लोजर' ही संज्ञा दिली. जन्मस्थानाचे काम संपले तरी तेथील मूल्ये जिवंत ठेवावी लागतात. काम संपताच आवराआवर करणारी साधी चळत-पद्धत येथे अपुरी पडते.

म्हणूनच एडिंबरा येथील रॉबिन मिल्नर यांची एमएल, डेव्हिड टर्नर यांची मिरांडा, आणि १९८७ मध्ये नेमलेल्या समितीने रचून १९९० मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली हॅस्केल, या सर्व भाषांनी स्वयंचलित संकलन गृहीतच धरले.

५. स्वयंचलनाची किंमत

संकलन विनामूल्य होत नाही. मॅथ्यू हर्ट्झ आणि एमरी बर्गर यांनी २००५ मध्ये या किमतीचे मोजमाप प्रसिद्ध केले. हाताने केलेल्या व्यवस्थापनाच्या तुलनेत पाचपट स्मृती उपलब्ध असेल, तर चांगला पिढीनिहाय संकलक वेगात बरोबरी साधतो. तिप्पट स्मृती असेल, तर सरासरी १७ टक्के मंदावतो. केवळ दुप्पट स्मृती असेल, तर हा मंदावा जवळजवळ ७० टक्क्यांवर जातो.

या आकड्यांचा अर्थ असा की, स्वयंचलनाची सोय मुबलकतेवर उभी आहे. ज्याच्याकडे स्मृती भरपूर, त्याला ती स्वस्त पडते. ज्याच्याकडे बेताची, त्याला महाग. जुनी यंत्रे सांभाळून प्रात्यक्षिके घेणाऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेस हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. कमी स्मृतीत अधिक काम कसे होईल, हा प्रश्न साधनसंपन्नांपेक्षा इतरांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. या प्रश्नावरील महत्त्वाचे संशोधन आपल्या राज्यात झाले, ही गोष्ट येथे नोंदवली पाहिजे.

६. पवई येथील संशोधन : पोहोच आणि सजीवता

मॅकार्थी यांनी ज्या वर्षी लिस्पचा आरंभ केला, त्याच १९५८ मध्ये मुंबईत आयआयटीची स्थापना झाली. तेथील संगणकशास्त्र विभागात कंपायलर या विषयाच्या अभ्यासाची परंपरा दीर्घ आहे. धनंजय ढमढेरे यांची 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग'वरील पाठ्यपुस्तके देशभरातील विद्यार्थ्यांनी अभ्यासली आहेत. आज्ञावली न चालवता, तिच्या मजकुराच्या परीक्षणावरून ती काय करील हे ठरवण्याच्या शास्त्रात त्यांचे आणि उदय खेडकर यांचे १९९४ चे संयुक्त काम प्रसिद्ध आहे.

याच परंपरेतून खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांचा शोधनिबंध २००७ मध्ये एसीएमच्या प्रोग्रॅमिंग भाषांवरील नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील मूळ प्रश्न साधा आहे. गार्बेज कलेक्टर जे राखून ठेवतो, ते खरोखर सर्व राखण्याजोगे असते काय?

मॅकार्थी यांचा निकष पोहोचीचा होता. ज्या घटकापर्यंत पोचता येते तो ठेवायचा. परंतु पोचता येणे आणि पुढे वापर होणे या भिन्न गोष्टी आहेत. एक उदाहरण घेऊ. साठ विद्यार्थ्यांची यादी स्मृतीत असून तिच्या प्रत्येक जागी विद्यार्थ्याचे नाव, पत्ता व गुण आहेत. आज्ञावलीस यापुढे त्या यादीची केवळ लांबी मोजायची आहे. लांबी मोजण्यासाठी यादीचा कणा तेवढा लागतो. नावे, पत्ते आणि गुण यांकडे पुन्हा कोणीही पाहणार नाही. तरीही त्यांच्यापर्यंत पोचता येत असल्याने संकलक ते सर्व राखून ठेवतो. ज्याचा पुढे वापर होण्याची शक्यता आहे, त्याला या शास्त्रात 'सजीव' म्हणतात. सजीव घटक हे पोहोचीतील घटकांचा एक भागच असतात, आणि उरलेली स्मृती विनाकारण अडकून पडते.

२००७ च्या कामात जावासारख्या भाषेच्या आज्ञावलीचे असे परीक्षण करून, पुढे न लागणारे दुवे योग्य ठिकाणी तोडणारे आदेश तिच्यात आपोआप घालण्याची पद्धत मांडली होती. दुवा तुटला की घटक पोहोचीबाहेर जातो, आणि नेहमीचा संकलकच तो उचलतो. पुढे राहुल असाटी, सन्याल, करकरे आणि केंब्रिजचे अॅलन मायक्रॉफ्ट यांनी २०१४ मध्ये हीच कल्पना फलनाधारित भाषेसाठी मांडली. आज्ञावलीतील निरनिराळ्या बिंदूंवर कोणते भाग सजीव आहेत, याचे वर्णन कंपायलर आधीच एका मर्यादित-अवस्था यंत्राच्या रूपाने तयार ठेवतो. संकलक खुणा करीत जाताना त्या वर्णनाचा सल्ला घेतो, आणि निर्जीव वाटेवर पुढे जातच नाही. परिणामी प्रत्येक संकलनात अधिक जागा मोकळी होते आणि संकलनाच्या खेपा कमी होतात.

२०१६ मध्ये प्रसन्न कुमार, सन्याल आणि करकरे यांनी हे काम आळशी मूल्यमापनाच्या भाषांपर्यंत नेले. हॅस्केलसारख्या भाषेत गणित मांडले तरी उत्तराची गरज पडेपर्यंत ते सोडवले जात नाही. गणित केव्हा सोडवले जाईल हे आधी सांगता येत नसल्याने, त्याला लागणारे घटक केव्हापर्यंत सजीव राहतील हेही सांगणे अवघड होते. म्हणून अपूर्ण गणितासोबतच त्याच्या सजीवतेची माहिती वागवण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला.

या संशोधनाचे ऐतिहासिक महत्त्व असे की, १९६० पासून निःशंकपणे स्वीकारलेला पोहोचीचा निकष हा केवळ सोयीचा अंदाज होता, हे त्यातून स्पष्ट होते आणि तो अंदाज सुधारण्याची रीतही मिळते.

७. दुसरा प्रश्न : केव्हा?

आतापर्यंतची चर्चा स्मृतीपुरती होती. स्मृतीचा एक विशेष असा की, ती उशिरा परत आली तरी सहसा बिघडत नाही. एक जागा दुसरीसारखीच असते. सर्वच संसाधने अशी नसतात. लिनक्सवर एका आज्ञावलीस एकाच वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या फाइलींची प्राथमिक मर्यादा बहुधा १०२४ असते. माहितीसंचातील एखादी नोंद एकाने कुलूपबंद केली, तर ते निघेपर्यंत इतरांना थांबावे लागते. येथे उशीर म्हणजेच हानी.

ही संसाधनेही गार्बेज कलेक्टरवर सोपवण्याचा मोह स्वाभाविक होता. घटक गोळा करताना त्याच्याशी जोडलेली फाइलही बंद करावी, यासाठी जावाने 'फायनलाइझ' ही सोय आरंभापासून दिली. परंतु संकलक स्मृती कमी पडली की जागा होतो. फाइली कमी पडल्या आहेत हे त्याला ठाऊक नसते. स्मृती मुबलक असताना फाइलींची मर्यादा संपून आज्ञावली कोसळू शकते. ही सोय २०१७ मध्ये जावाच्या नवव्या आवृत्तीत त्याज्य ठरवण्यात आली, आणि २०२२ मध्ये अठराव्या आवृत्तीत ती काढून टाकण्याच्या मार्गावर असल्याचे घोषित झाले.

वेगळे उत्तर लिस्पच्याच परंपरेत तयार होते. १९८४ च्या कॉमन लिस्पच्या अधिकृत ग्रंथात 'विथ-ओपन-फाइल' हा प्रकार येतो. फाइल उघडायची, तिच्यावर करायचे काम फलनासारखे आत द्यायचे, आणि काम सुरळीत संपो वा मध्येच मोडो, बाहेर पडताना फाइल बंद झालीच पाहिजे. ग्रंथालयातील दुर्मीळ संदर्भग्रंथास हाच नियम असतो. तो घरी न्यायचा नाही, अभ्यासिकेतच वाचायचा. अशा ग्रंथाच्या परतफेडीची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. हॅस्केलच्या १९९८ च्या प्रमाण आवृत्तीत हीच रचना 'ब्रॅकेट' या फलनाच्या रूपाने आली. घेणे, सोडणे आणि मधले काम असे तिचे तीन घटक. फलनालाच मूल्य मानणाऱ्या भाषेत ही रचना वेगळ्या व्याकरणाविना, साध्या फलनाने व्यक्त होते, हे तिचे वैशिष्ट्य.

इतर भाषांनी हा विचार क्रमाक्रमाने स्वीकारला. सी-शार्पमध्ये २००२ पासून 'यूझिंग', पायथॉनच्या २.५ आवृत्तीत २००६ मध्ये 'विथ' हे प्रकार आले. जावासाठी जोशुआ ब्लॉक यांनी २००९ मध्ये मांडलेला प्रस्ताव 'ऑटोमॅटिक रिसोर्स मॅनेजमेंट' याच नावाने ओळखला गेला, आणि २०११ च्या सातव्या आवृत्तीत समाविष्ट झाला. फलनाधारित आणि वस्तुनिष्ठ अशा दोन्ही परंपरांचा मेळ घालणाऱ्या स्काला भाषेच्या प्रमाण ग्रंथसंग्रहात २०१९ च्या २.१३ आवृत्तीपासून 'यूझिंग' उपलब्ध झाले.

तथापि अभ्यासिकेच्या नियमास एक पळवाट आहे. वाचक ग्रंथ नेत नाही, पण त्याची चिठ्ठी खिशात घालून बाहेर पडतो आणि नंतर तिच्या आधारे ग्रंथ मागतो. हॅस्केलमध्ये हे सहज घडते. फाइलीतील मजकूर आळशीपणे वाचायला सांगितला, तर हाती येते ती केवळ वाचनाची हमी. तोपर्यंत फाइल बंद झाली, तर १९९८ च्या प्रमाणकानुसार तोवर वाचला गेलेला मजकूर तेवढाच मिळतो, आणि चुकीची वार्ताही लागत नाही. जीएचसी या कंपायलरच्या पुढील आवृत्त्यांत अशा वेळी त्रुटीसूचना येऊ लागली. तरीही नियम मोडल्यावर दंड करणे आणि नियम मोडताच न येणे यांत अंतर आहे.

८. नियम भाषेच्या प्रकारव्यवस्थेत

हे अंतर मिटवण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकात झाले. मॅड्स टॉफ्टे आणि ज्याँ-पिएर ताल्पाँ यांनी १९९४ मध्ये एमएलसाठी 'रीजन' म्हणजे क्षेत्रांची कल्पना मांडली. कोणते मूल्य कोणत्या क्षेत्रात जन्मेल आणि ते क्षेत्र केव्हा एकदम मोकळे होईल, हे कंपायलर आधीच ठरवतो. त्याच वर्षी जॉन लाँचबरी आणि सायमन पेटन जोन्स यांनी हॅस्केलमध्ये असा प्रकार-नियम दाखवला की, आतील बदलती अवस्था बाहेर नेण्याचा प्रयत्न करणारी आज्ञावली कंपायलर मान्यच करीत नाही. चिठ्ठी खिशात घालणाऱ्यास दारातच अडवावे, तसे हे होते. ओलेग किसेल्योव आणि चुंग-चिए शान यांनी २००८ मध्ये हीच युक्ती फाइलींना लागू केली.

दुसरा मार्ग तर्कशास्त्रातून आला. ज्याँ-इव्ह जिरार यांनी १९८७ मध्ये रेषीय तर्कशास्त्र मांडले. नेहमीच्या तर्कशास्त्रात एक गृहीतक कितीही वेळा वापरता येते. रेषीय तर्कशास्त्रात ते नेमके एकदाच वापरावे लागते. खर्च झालेल्या रुपयासारखे ते पुन्हा वापरता येत नाही आणि न वापरता टाकूनही देता येत नाही. फिलिप वॅडलर यांनी १९९० मध्ये हा विचार भाषांच्या प्रकारव्यवस्थेत आणला. फाइल हे रेषीय मूल्य मानले, तर ती बंद करण्यास विसरणे आणि बंद केल्यावर पुन्हा वापरणे या दोन्ही चुका आज्ञावली चालण्यापूर्वीच पकडल्या जातात. नेदरलँड्समधील नायमेखन येथे विकसित झालेल्या क्लीन भाषेने याच जातीची 'एकमेवता' प्रत्यक्ष वापरात आणली. हॅस्केलच्या जीएचसी कंपायलरात रेषीय प्रकार प्रायोगिक स्वरूपात दाखल होण्यास मात्र २०२१ साल उजाडावे लागले.

या विचारकुळाचे सर्वाधिक प्रसार पावलेले अपत्य म्हणजे रस्ट भाषा. तिची १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. ती शुद्ध फलनाधारित नाही, परंतु तिचा पहिला कंपायलर एमएल कुळातील ओकॅमल भाषेत लिहिलेला होता. प्रत्येक मूल्याचा मालक एकच, आणि मालकाची व्याप्ती संपताच मूल्य मोकळे, हा तिचा मूळ नियम. मुळात तिला गार्बेज कलेक्टरची गरजच लागत नाही.

शेवटी १९६३ च्या आक्षेपाकडे वळू. संदर्भगणना चक्रांपुढे हतबल होते, असे मॅकबेथ यांनी दाखवले होते. परंतु ज्या भाषेत मूल्ये बदलत नाहीत आणि मूल्यमापन आळशी नाही, तेथे नवे मूल्य केवळ आधी तयार झालेल्या मूल्यांकडेच बोट दाखवू शकते. त्यामुळे अशा मूल्यांचे चक्र तयारच होत नाही. या निरीक्षणाचा लाभ घेऊन सेबास्टियन उलरिच आणि लिओनार्दो दे मौरा यांनी २०१९ मध्ये लीन भाषेसाठी, आणि अॅलेक्स राइनकिंग, निंगनिंग शे, दे मौरा व दान लायेन यांनी २०२१ मध्ये कोका भाषेसाठी संदर्भगणनेस नवे रूप दिले. कोकामध्ये शेवटचा वापर होताच घटक मोकळा होतो, आणि शक्य तेथे तीच जागा नव्या मूल्यासाठी लगेच वापरली जाते. सहा बिटांत न मावल्याने लिस्पने सोडलेला पर्याय, साठ वर्षांनंतर फलनाधारित भाषांतच पुन्हा प्रतिष्ठा पावला.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला, स्वयंचलित व्यवस्थापनाचा इतिहास म्हणजे जबाबदारीच्या स्थलांतराचा इतिहास होय. ती आज्ञावलीकाराच्या आठवणीतून संकलकाकडे, तेथून आज्ञावलीच्या रचनेकडे, आणि पुढे प्रकारव्यवस्थेकडे गेली. कोणत्याही टप्प्यावर ती संपली नाही. रेषीय प्रकारांत तर ती आज्ञावलीकाराकडेच परत येते. फरक एवढाच की, आता ती विसरण्याची मुभा त्याला नसते.

दुसरा, मुबलक संसाधन आणि दुर्मीळ संसाधन यांना एकच नियम लागू पडत नाही. स्मृतीसाठी योग्य ठरलेली व्यवस्था फाइलींसाठी अपुरी ठरली, ती याच कारणाने. जलव्यवस्थापन, ग्रंथालयशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना या निष्कर्षात आपापल्या विषयाचे प्रश्न ओळखू येतील.

तिसरा निष्कर्ष अध्यापनाविषयी आहे. 'हे आपोआप होते' असे सांगून विद्यार्थ्यास पुढे नेणे सोपे आहे. परंतु जो विद्यार्थी पोहोच आणि सजीवता यांतील भेद समजून घेतो, तो ही व्यवस्था केवळ वापरीत नाही, तिच्यावर प्रश्नही विचारू शकतो. साधने बेताची असलेल्या ठिकाणी तर अशा प्रश्नांची गरज अधिक असते. पवई येथील अभ्यासकांनी पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ सर्वमान्य असलेल्या निकषावर प्रश्न विचारला, म्हणूनच त्यांना नवे उत्तर मिळाले. महाविद्यालयीन वर्गात तसा प्रश्न विचारला जावा, यासाठी महागड्या यंत्राची आवश्यकता नाही. साठ नावांची यादी, खडू आणि फळा एवढे साहित्य त्यास पुरेसे आहे.